ही गाडी कुठली? बेळगाव-सीमाभागात बस ओळखणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बस बघत उभं राहायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

संध्याकाळी साडेपाचला बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर चहाच्या गाड्यापाशी उभे राहा. कटिंग संपेपर्यंत वडगावला जाणारी सिटी बस, चंदगडची लाल एस्टी, पणजीची कदंब, शाळेची पिवळी गाडी आणि काचा काळ्या केलेली एखादी मुंबईची स्लीपर, एवढं समोरून गेलेलं असतं. प्रत्येक गाडी कुठल्या राज्याची, कुठल्या डेपोची, चासी (इंजिन-चाकांचा खालचा सांगाडा) कुणाची, बॉडी कुठं बांधलेली, वय किती, हे तिनं वळण घेईपर्यंत ओळखायचं. जमलं तर वहीत लिहायचं. बस्स.

घरचे विचारतात, "कुठं जायचंय तुला?" कुठंच नाही. पहिलं वर्षभर हे उत्तर देताना लाज वाटते, मग सवय होते.

मुंबई-पुण्यात सोडून बेळगावात बघण्यासारखं काय आहे?

मुंबईत गाड्या जास्त, पण एका चौकात तीन राज्यांची महामंडळं कुठं भेटतात? इथं कर्नाटकाच्या वायव्य महामंडळाच्या गाड्या घरच्याच आहेत. महाराष्ट्राची एस्टी शिनोळीकडून आणि कागल-निपाणीकडून येते, गोव्याची कदंब घाट चढून येते. त्यात लष्कराच्या गाड्या, साखर कारखान्यांच्या आणि कॉलेजांच्या बसगाड्या मिसळतात. शिवाय पुणे-बंगळूर महामार्ग शहराच्या अंगावरून जातो, म्हणजे दक्षिणेत जाणारं निम्मं जग इथूनच पुढं सरकतं.

आणि मागची गोष्ट तर आहेच. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस्टी धावली आणि मुंबई राज्याच्या त्याच एस्टीनं आपल्या भागातली जुनी माणसं प्रवास करायची. मग हा भाग म्हैसूर राज्यात गेला, १९६१ मध्ये तिकडचं महामंडळ झालं, १९७३ मध्ये राज्याचं नाव कर्नाटक झालं आणि १९९७ मध्ये त्या महामंडळातून हुबळीला मुख्यालय असलेलं वायव्य कर्नाटक महामंडळ वेगळं निघालं. माणूस त्याच थांब्यावर उभा, गाडीवरचं नाव तेवढं बदलत गेलं. आमच्याकडं अजूनही कित्येक जण वायव्यच्या गाडीला 'केएसआरटीसी'च म्हणतात, आणि येळ्ळूर-उचगावकडची म्हातारी माणसं तर सरसकट सगळ्याला 'एस्टी'.

गाडी कुठल्या राज्याची हे लांबून कसं कळतं?

नंबरपाटीवरून. कर्नाटकात महामंडळाच्या गाड्यांना 'एफ' हे अक्षर राखून ठेवलेलं आहे. केए-२२-एफ दिसलं की बेळगावची सरकारी बस. केए-२३-एफ चिक्कोडीची, केए-२५-एफ धारवाडची, केए-६३-एफ हुबळीची, केए-२९-एफ बागलकोटची, केए-३१-एफ शिरसीची. केए-२८-एफ विजापूरची, पण तिथं सावध राहा. विजापूर वायव्यमध्ये येत नाही, ते कलबुर्गी मुख्यालय असलेल्या कल्याण कर्नाटक महामंडळात येतं (२०२१ पर्यंत त्याचं नाव ईशान्य कर्नाटक होतं). केए-५७-एफ दिसली तर बंगळूरहून रात्रभर चालत आलेली गाडी समजा. सकाळी सातला तिच्या पुढच्या काचेवर मेलेल्या किड्यांचा थर असतो, त्यावरूनही कळतं.

'एफ'च्या जागी 'जी' असेल तर ती सरकारी खात्याची गाडी. डिसेंबरात हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये अधिवेशन भरतं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातून पोलिसांच्या गाड्या येतात आणि एका आठवड्यात अर्ध्या कर्नाटकाचे 'जी' नंबर वहीत जमा होतात.

एमएच-१४ म्हणजे पिंपरी-चिंचवडची गाडी ना? ती चंदगडला कशी?

हा प्रश्न मी स्वतः विचारून तोंडावर आपटलेलो आहे. शिनोळी फाट्यावर एमएच-१४-बीटी नंबरची एस्टी उभी होती. मी शेजारच्या मित्राला मोठ्या ऐटीत सांगितलं की बघ, ही पुण्याहून थेट आली. दारात उभा कंडक्टर हसला. म्हणाला, "पुण्याची न्हवं वो, चंदगड डेपोची हाय. नंबर तेवढा पुण्याचा." आणि बोटानं गाडीच्या अंगावरचं आगाराचं नाव दाखवलं.

घोळ असा आहे. एस्टीच्या गाड्यांच्या बॉड्या महामंडळाच्या स्वतःच्या कार्यशाळांत बांधल्या जायच्या, आणि गाडीची नोंदणी त्या कार्यशाळेच्या भागातल्या आरटीओत व्हायची. दापोडीच्या कार्यशाळेतून निघालेली गाडी एमएच-१४, औरंगाबादजवळच्या चिकलठाण्याची एमएच-२०, नागपूरच्या हिंगण्याची एमएच-४०. मग ती कोल्हापूर विभागात जावो नाहीतर रत्नागिरीत, नंबर तोच राहतो. म्हणून एस्टीच्या पाटीवरून गाडी कुठं 'जन्मली' ते कळतं, कुठं 'नांदते' ते नाही. नांदण्याचं गाव बघायचं तर आगाराचं नाव वाचा: चंदगड, गडहिंग्लज, आजरा, कागल, इचलकरंजी.

कर्नाटकात उलट आहे. तिथं साधारणपणे गाडी ज्या विभागात जाते तिथलाच नंबर घेते. तरी विभागाविभागांत गाड्यांच्या बदल्या होतात, तेव्हा शंभर टक्के पैज लावू नका.

रंगावरून ओळखलं तर?

फसाल. लाल म्हणजे एस्टी असं इथं चालत नाही, कारण कर्नाटक सारिगेची, म्हणजे तिथल्या महामंडळाची, लाल-चंदेरी गाडीही आहे आणि तिला कन्नडात सरळ 'केंपु बस' म्हणजे लाल बस म्हणतात. रंग दर काही वर्षांनी बदलतो, जाहिरात लागली की झाकला जातो, पावसाळ्यात चिखलाखाली जातो. रंग सगळ्यात शेवटी बघा.

कन्नड पाटी वाचता येत नाही, काय करू?

शिका की. मराठी माणसाला पंधरा दिवसांचं काम आहे. देवनागरीत अख्ख्या शब्दावर एक शिरोरेघ असते, कन्नडात प्रत्येक अक्षराला आपापला तुरा. तेवढं डोळ्यात बसलं की अक्षरं सुटी दिसायला लागतात. आधी आपल्या रोजच्या मार्गाची पाच गावं ओळखा: बेळगावी, खानापूर, निप्पाणी, गोकाक, धारवाड. ती कुठल्या गाडीवर आहेत हे तुम्हाला आधीच माहीत असतं, त्यामुळं अक्षरं उलटीकडून सापडतात.

शब्द तर निम्मे आपलेच आहेत. 'सारिगे' म्हणजे वाहतूक, 'नगर सारिगे' म्हणजे सिटी बस, 'ग्रामांतर सारिगे' म्हणजे खेड्यांत जाणारी, 'तडेरहित' म्हणजे विनाथांबा. 'विभाग' म्हणजे विभागच. आणि डेपोला तिकडं 'घटक' म्हणतात. मला कितीतरी दिवस 'घटक' वाचून शाळेतली घटक चाचणी आठवायची.

जुनी गाडी ओळखायची खूण काय?

एक खूण नाही, अंगभर खुणा असतात. वरून खाली बघत या.

टपावर सामानाचं कॅरियर आणि मागच्या बाजूला लोखंडी शिडी असेल तर गाडी जुन्या वळणाची. आंब्याच्या पेट्या, कोंबड्यांचे खुराडे, लग्नाचं कपाट, सगळं त्या शिडीनं वर जायचं. पुढची काच एकसंध आहे की मधे पट्टी घालून दोन तुकड्यांची? दोन तुकड्यांची जुनी. दिवे गोल, बाहेर डोळे काढून बघणारे असतील तर जुनी; तिरपे, बॉडीत चपखल बसवलेले असतील तर नवी. खिडक्यांना आडवे गज आणि सरकत्या काचा जुन्या गाडीत असतात. काच खडखडली नाही तर ती जुनी एस्टी नव्हेच.

मग पत्रा बघा, आणि तो जवळून बघा. एस्टीच्या जुन्या गाड्यांचा पत्रा ॲल्युमिनियमचा असतो आणि तो रिव्हेट ठोकून बसवलेला. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलं की रिव्हेटांच्या रांगा शर्टाच्या काजासारख्या एका ओळीत चमकतात. कुठं गाडी घासली असेल तिथं नवा तुकडा मारलेला असतो, आणि त्याच्या रिव्हेट ओळीला येत नाहीत. दोन बोटं इकडंतिकडं. कुठल्यातरी डेपोत कुठल्यातरी मिस्त्रीनं घाईत मारलेला तो पत्रा बघितला की गाडीच्या हाडापर्यंत पोचल्यासारखं वाटतं. अलीकडच्या काळात एस्टीनं माइल्ड स्टीलच्या बॉड्या आणल्या. त्या गुळगुळीत, चेहऱ्यानं देखण्या, पण हात लावला तर काही बोलत नाहीत.

शेवटी पुढचं तोंड. पाऊणशे वर्षांपूर्वीच्या गाड्यांना बॉनेट पुढं काढलेलं असायचं, ट्रकसारखं. त्याला आमच्याकडं 'नाकाची गाडी' म्हणतात. बंपरच्या मधोमध भोक असायचं आणि त्यातून हँडल घालून क्लीनर गाडी फिरवून सुरू करायचा. नंतर इंजिन आत, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला आलं आणि तोंड सपाट झालं. त्या इंजिनाच्या झाकणावर बसून प्रवास केलेली माणसं अजून आहेत. थंडीत ती सगळ्यात चांगली जागा, मे महिन्यात शिक्षा.

मग विंटेज कशाला म्हणायचं?

हा शब्द जपून वापरा. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारनं मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांची व्याख्या घातली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, धंद्यासाठी न वापरलेली. अशा गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण तो नियम दुचाकी आणि मोटारींपुरता आहे, बसला लागू नाही. म्हणजे कायद्याच्या पुस्तकात 'विंटेज बस' नाहीच. आपण आपसात बोलताना म्हणतो ते वेगळं. मी स्वतः नाकाची गाडी आणि १९८९ च्या आधीची पाटी असलेली गाडी, एवढ्यांनाच विंटेज म्हणतो. बाकी सगळ्या 'जुन्या'.

१९८९ च्या आधीची पाटी म्हणजे?

मोटार वाहन कायदा १९८८ चा, अमलात आला १ जुलै १९८९ ला. त्यानंतर केए, एमएच, जीए अशी राज्याची दोन अक्षरं आणि जिल्ह्याचा आकडा असली पद्धत रुळली. त्याआधी नुसती तीन अक्षरं आणि चार आकडे असायचे. 'एमवाय'नं सुरू होणारी पाटी म्हैसूर राज्याच्या काळातल्या वळणाची, 'सीए'नं सुरू होणारी त्यानंतरची कर्नाटकाची. अशी पाटी रस्त्यावर पळताना आता ट्रॅक्टरवर नाहीतर एखाद्या जपलेल्या जीपवर दिसते. बसवर दिसली तर मला आधी फोन करा, मग फोटो काढा.

सरकारी जुन्या गाड्या एकदम कुठं गेल्या?

भंगारात. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी पुढं चालवता येत नाही, आणि त्यात महामंडळांच्या बसगाड्याही आल्या. पूर्वी एखादी म्हातारी गाडी शहरातून निघून तालुक्याच्या डेपोत, तिथून वस्तीच्या गाडीला, अशी हळूहळू निवृत्त व्हायची. खानापूरच्या जंगलातल्या गावी रात्री मुक्कामाला जाणारी गाडी हमखास डेपोतली सगळ्यात वयस्कर असायची. आता पंधरा वर्षं झाली की संपलं.

त्यामुळं जुनं बघायचं असेल तर महामंडळाकडं बघू नका, खासगीकडं बघा. शिक्षणसंस्था, साखर कारखाने, विटभट्ट्या, कुस्तीच्या मैदानाला पैलवान नेणाऱ्या भाड्याच्या गाड्या. लग्नसराईत निपाणी-चिक्कोडीकडं वऱ्हाडाच्या म्हणून ज्या गाड्या येतात, त्यात कधीकधी रत्न सापडतं.

टाटा की लेलँड हे न वाचता कसं सांगता?

कानानं. आणि हे लिहून सांगता येत नाही, पण प्रयत्न करतो. वंटमुरी घाटात थांबा, किंवा निपाणीच्या अलीकडं तवंदी घाटात. सपाट रस्त्यावर सगळ्या गाड्या सारख्याच ओरडतात. चढावर दुसरा गिअर पडला की जात कळते. जुन्या लेलँडचा गिअर बारीक सुरात गात चढतो, लांबून कुणी सनई जुळवतोय असं. जुनी टाटा खाली खर्जात गुरगुरते आणि मधेच खोकते. व्होल्व्होचं इंजिन मागं असतं, म्हणून ती समोर येईपर्यंत आवाजच नसतो आणि पुढं निघून गेल्यावर गरम हवेचा झोत अंगावर येतो.

कानावर भरवसा नसेल तर तोंडावरचं चिन्ह बघा: टाटाचं लंबगोलातलं 'टी', व्होल्व्होच्या जाळीवरची तिरकी पट्टी आणि तिच्यावरचं गोल. अशोक लेलँड आणि आयशर नाव लिहितातच. इतिहासात रस असेल तर एवढं लक्षात ठेवा की टाटाचा मर्सिडीज-बेंझशी करार १९५४ ते १९६९ होता, आणि त्या काळातल्या टाटाच्या तोंडावर तीन टोकांचा तारा असायचा. अशोक लेलँडनं १९४८ मध्ये 'अशोक मोटर्स' म्हणून ऑस्टिन मोटारी जुळवण्यापासून सुरुवात केली. 'लेलँड' हे नाव १९५५ मध्ये जोडलं गेलं.

एक मात्र पक्कं समजून घ्या. चासी बनवणारा वेगळा आणि बॉडी बांधणारा वेगळा असू शकतो. एकाच लेलँडवर दोन ठिकाणी बॉड्या बांधल्या तर त्या सख्ख्या बहिणी वाटणार नाहीत. म्हणून वहीत दोन रकाने ठेवा.

महामार्गावर नुसता सांगाडा चालवत नेतात, ती बस असते का?

होणार असते. ती उघडी चासी. चार-सहा चाकं, इंजिन, स्टिअरिंग आणि लाकडी फळीवर बसलेला ड्रायव्हर. पाठ टेकायला काही नाही, डोक्यावर छप्पर नाही. डोळ्यांना गॉगल, तोंडाला गमछा, पावसाळ्यात प्लॅस्टिकचा कागद अंगाभोवती सुतळीनं बांधलेला. एकदा हत्तरगी टोलच्या पुढच्या धाब्यावर असे चौघे जण चहा घेत होते. त्यातल्या एकाच्या भुवया धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या आणि गॉगल काढल्यावर डोळ्यांभोवती दोन काळी वर्तुळं उरली. मी विचारलं, कुठवर? म्हणाला, "आता धारवाड. हात धुतल्यावर घर."

धारवाडला टाटाचा बसबॉडीचा कारखाना आहे, पूर्वीचा टाटा-मार्कोपोलो. ब्राझीलच्या मार्कोपोलोशी टाटाची भागीदारी २००६ ला झाली, ती आता संपली; कारखाना २००८ च्या सुमारास सुरू झाला. दुसऱ्या अंगाला, चोर्ला घाट उतरून गेलं की गोव्यात सत्तरीतल्या होंड्याजवळ ऑटोमोबाईल कॉर्पोरेशन ऑफ गोवा आहे, १९८० ची. तीही बसबॉड्याच बांधते. म्हणजे बेळगाव दोन बॉडी-कारखान्यांच्या मधे बसलेलं गाव. पुण्याकडून दक्षिणेला जाणारी उघडी चासी बहुधा टाटाची, होसूरच्या बाजूनं उत्तरेला येणारी बहुधा लेलँडची. आणि उलट दिशेनं, सीटवरचं प्लॅस्टिकही न काढलेल्या कोऱ्या गाड्या जातात. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं म्हणजे तात्पुरता नंबर. असली गाडी दिसली तर तारीख लिहून ठेवा. वर्षभरानं तीच तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाटी लावून उभी असेल.

नवी गाडी किती नवी हे कसं कळतं?

टाकी बघा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराच्या कडक नियमात बसणारं) इंजिन सक्तीचं झालं. त्या डिझेल गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी आणखी एक छोटी टाकी असते, तिचं झाकण निळं. त्यात युरियाचं पाणी भरतात, धूर साफ व्हायला. निळं झाकण दिसलं तर गाडी बहुधा २०२० नंतरची. हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तर विजेवर चालणारी प्रवासी गाडी. एस्टीची 'शिवाई' अशीच. तीही १ जून २०२२ ला, मुद्दाम त्याच पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू केली.

आणि संशय उरला तर परिवहन खात्याचं मोबाईल ॲप आहेच. नंबर टाकला की नोंदणीची तारीख, बनवणारी कंपनी, इंधन, सगळं दिसतं. पण आधी अंदाज बांधा, मग ॲप उघडा.

ऐरावत, अंबारी, राजहंस… ही नावं कशी लक्षात ठेवायची?

हत्तीपासून सुरू करा. 'ऐरावत' म्हणजे व्होल्व्हो, इंद्राच्या हत्तीसारखी पांढरी. हत्तीवरची 'अंबारी' म्हणजे एसी स्लीपर, अंबारीत पाय पसरून बसल्यासारखी. 'पल्लक्की' म्हणजे पालखी, बिनएसी स्लीपर. 'राजहंस' म्हणजे आरामगाडी, 'वेगदूत' म्हणजे आपली नेहमीची जलद. हुबळी-धारवाडच्या स्वतंत्र मार्गिकेवरची 'चिगरी' म्हणजे हरण. कन्नड नावं देणाऱ्याला नमस्कार. निदान अर्थ तरी गाडीला शोभतो.

एस्टीकडं 'शिवनेरी', 'शिवशाही', 'हिरकणी', 'विठाई', 'यशवंती'. हिरकणीला अजूनही लोक 'एशियाड' म्हणतात, कारण १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठीच्या गाड्या नंतर एस्टीनं घेतल्या आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. आमच्या गल्लीतल्या एका आजींना शिवशाहीत बसवलं तरी उतरल्यावर म्हणाल्या, "एशियाड चांगली हाय गा, गार लागतंय."

नागालँडच्या नंबरची गाडी बेळगावात काय करते?

मुंबई-बंगळूर करते. एनएल-०१ दिसणारी खासगी स्लीपर बहुतेकदा नागालँडला कधी गेलेलीही नसते. अखिल भारतीय पर्यटक परवाना कुठल्याही राज्यात घेता येतो आणि राज्याराज्यांत कर वेगळा, म्हणून मालक स्वस्त पडेल तिथं नोंदणी करतात. अरुणाचल, पुदुच्चेरी, दमणच्या पाट्याही याच कारणानं. माझ्या वहीत या गाड्यांना वेगळं पान आहे, नाव 'लांबची सासरवाडी'.

लष्कराच्या बस नोंदवल्या तर चालतं का?

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, सांबऱ्याला हवाई दल आहे, त्यामुळं कॅम्पातून या गाड्या रोज जातात. लष्करी पाटीवर आधी वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. तेवढं डोळ्यांनी वाचा आणि समाधान माना. फोटो काढू नका, कॅम्पात थांबून वहीतही लिहीत बसू नका. यात चर्चा नाही.

उभं कुठं राहायचं?

शहरात मध्यवर्ती बसस्थानक आणि त्याला लागून सीबीटी, म्हणजे सिटी बसचं स्थानक. चन्नम्मा चौकात गाड्या जास्त, पण वळणावर पाटी दिसते तोवर गाडी गेलेली असते. नवशिक्यानं तिसऱ्या रेल्वे गेटाच्या बाजूला जावं, तिथं वाहतूक तुंबली की गाडी स्वतःच थांबून ओळख करून देते. महामार्गासाठी कोगनोळी, तिथं दोन्ही राज्यांच्या गाड्या सावकाश होतात. घाटांचं वर आलंच.

वर्षातले दिवस बघायचे तर सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला कोल्हापूर-सांगली भागातून भाविकांच्या गाड्या येतात, त्या दिवशी एस्टीच्या अशा आगारांच्या पाट्या दिसतात ज्या एरवी सीमा ओलांडत नाहीत. आषाढीला उलट, इकडच्या गाड्या पंढरपूरला. १ नोव्हेंबरला, किंवा सीमेवर काही तापलं की, एस्टी निपाणीच्या पलीकडंच थांबते. त्या दिवशी बस बघायला न जाता घरी वही नीट लावावी.

फोटो काढताना कुणी अडवलं तर?

सार्वजनिक रस्त्यावरून जाणाऱ्या बसचा फोटो काढायला परवानगी लागत नाही. डेपोच्या फाटकाच्या आत मात्र लागते, आणि ती डेपो व्यवस्थापकाकडून घ्यावी. मी हे चुकून शिकलो. एका डेपोत, नाव सांगत नाही, फाटकातून दोन पावलं आत जाऊन एका निवृत्त गाडीचे फोटो काढले. रखवालदार आला. "काय काढूलालास रे?" म्हणत त्यानं मोबाईल मागितला आणि समोर उभं राहून एकेक फोटो पुसायला लावला. त्यात आदल्या आठवड्यातले बाराही गेले, त्यातला एक पावसातल्या कदंबचा होता. आता मी आधी चहा सांगतो, मग वही दाखवतो, मग विचारतो. बहुतेक ड्रायव्हर स्वतःच गाडीपुढं उभे राहून फोटो काढून घेतात.

एक तांत्रिक गोष्ट. एलईडी पाटीचा फोटो अर्धवट, तुटक येतो. मोबाईलच्या प्रो मोडमध्ये शटर १/१२५ सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून हळू ठेवा, अक्षरं पूर्ण येतील. आणि रस्त्यात उतरून काढू नका. गाडी परत येते.

बाईमाणसानं एकटं उभं राहिलं तर विचित्र दिसेल का?

थांब्यावर बाईच्या हातात वही असेल तर लोक तिला निरीक्षक समजतात आणि कंडक्टर तिकीट नीट फाडतो. आमच्यातली सगळ्यात भरलेली वही एका शिक्षिकाबाईंची आहे. त्यांची तक्रार वेगळीच. ११ जून २०२३ ला शक्ती योजनेत कर्नाटकात बायकांचा प्रवास फुकट झाला तेव्हापासून दाराशी इतकी गर्दी असते की दाराजवळ लिहिलेलं घटकाचं नाव वाचताच येत नाही.

वहीत काय लिहायचं?

तारीख, वेळ, जागा, नंबर, चासी, बॉडी, डेपो, पाटीवरचं गाव. आणि शेवटी एक ओळ, मनात येईल ती: 'मागची काच पुठ्ठ्याची', 'ड्रायव्हरनं झेंडूची माळ आरशाला', 'हॉर्न बसलाय'. दहा वर्षांनी नंबर कुणी वाचत नाही, ती ओळ वाचतात.

नाकाची गाडी अजून कुठं बघायला मिळेल का?

चालती मला मिळालेली नाही. उभी एक बघितली, खानापूर-जांबोटी रस्त्यापासून आत, एका शेताच्या बांधाला. चाकं नव्हती, दगडावर टेकवलेली. आत कोंबड्या, टपावर वाळत घातलेल्या मिरच्या. मालक म्हणाले, वडिलांनी लिलावात घेतली होती, गोठा करायला. मी वाकून बंपरमधलं हँडलचं भोक शोधलं. होतं. त्यांच्या नातवानं त्यात उसाचं कांडं खुपसून ठेवलं होतं, आणि ते धरून तो गाडी सुरू करत होता.